पेवातला कान

१

बीबी गावात वामनराव दिसायच्या आधी ऐकू यायचे. फार वर्षांपूर्वी विहिरीतून मोटार वर ओढताना दोर सुटला आणि उजवा पाय मोडला. हाड बसवणाऱ्यानं तो बसवला, पण वाकडा बसवला. तेव्हापासून डावा पाय धप्प पडायचा आणि उजवा मागून घासत यायचा. धप्प, खर्र. धप्प, खर्र. हा आवाज आला की चहाच्या टपरीवरची माणसं ग्लासात तोंड घालायची. म्हातारा टेकला की कोणाचं ना कोणाचं काहीतरी काढणारच. सरपंचाची नवी गाडी, टपरीवाल्याचं दूध, कुणाच्या पोराची नोकरी, सगळ्यात त्यांना काळंबेरं दिसायचं. बरेचदा ते खरंही निघायचं, म्हणून लोकांना जास्त राग.

सकाळी भाकरी बांधून मळ्यात जायचं, दिवसभर वांग्या-मिरचीत राबायचं, दिवेलागणीला घरी. दुपारी घरी कधी नाही. ऊन कितीही तापो, विहिरीवरच्या निंबाखाली अंग टाकायचं.

दुपारी घरी एकटी जनकाबाई, त्यांची बायको. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजेड कळायचा, समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. ते ती पायांवरून ओळखायची. मुलगा गोकुळ नांदुऱ्याला धान्याच्या अडतीवर कामाला. तो फोन करायचा, "बाबा, मायले घेऊन या. खामगावले डोळ्याचं ऑपरेशन करून टाकू." वामनराव म्हणायचे, वांगी तोडणीवर आली. मग म्हणायचे, मिरची लागली. भाजी कधी सरत नाही आणि म्हातारीचे डोळे तसेच.

अशात समीक्षा नावाची मुलगी घरी आली. खामगावची, शिकायला पुण्याला. जमिनीची थरथर मोजणारी यंत्रं ती चार-दोन गावांत बसवत होती.

"आजोबा, जमीन सारखी थरथरत असते. आपल्याला कळत नाही इतकंच."

"माही नाही थरथरत. शेजारच्याची असन."

"ती थरथर आम्ही आवाजात बदलतो. मग कानानं ऐकता येते."

"अन् मंग? खाण काढता का रस्ता काढता? सातबारा कायले पायजे तुले?"

"सातबारा नकोच आहे मला. फक्त ऐकायचंय."

"वा! जमिनीचं ऐकाले सरकारजवळ माणूस हाये. माणसाचं ऐकाले कोणी नाही."

जनकाबाई आतून हसली. "बसू द्या हो पोरीले. उन्हाची आली. ऐकन अन् जाईन. तुमच्यासारखी भांडन थोडीच?"

म्हातारीनं होकार दिला म्हणून यंत्र घरात आलं. वामनरावांना ते पटलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२

यंत्र ठेवायला खोल, थंड जागा हवी होती. खडकाच्या जितकी जवळ तितकी बरी. समीक्षानं मधल्या खोलीतली फरशी पाहिली आणि विचारलं, "याच्या खाली काय आहे?"

खाली पेव होतं. आता कोणाच्या घरात पेव नाही, पण वामनरावांच्या बापाच्या काळी त्यात वर्षाची ज्वारी मावायची. घागरीसारखा खड्डा, तोंड लहान, पोट मोठं, मुरमात खोल खोदलेला. वरून सपाट दगड ठेवायचा आणि कडा चिखलानं लिंपायच्या.

पेवात माणूस उतरतो तेव्हा एक रीत पाळतात. आत हवा कोंदते आणि माणूस पटकन गुंगतो. म्हणून आधी तोंड उघडं ठेवायचं, मग दोराला बांधून दिवा सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणूस उतरतो. वर एक जण बसून सारखी हाक मारतो आणि खालच्यानं दर हाकेला ओ द्यायची. ओ आली नाही की दोर ओढायचा. खालचा वर आला की हाक मारणाऱ्याच्या हातात हात देऊन म्हणायचं, "वर आलो." तेव्हा हाका थांबतात, त्याआधी नाही.

समीक्षा उतरायला निघाली तर वामनराव खवळले. "पोट्टी माह्या पेवात उतरन अन् मी वर बसून पाहू?" कमरेला दोर बांधून शिडीवरून ते स्वतः उतरले. जनकाबाई तोंडाशी मांडी घालून बसली.

"हाये का हो?"

"हाये."

"हाये का?"

"हाये म्हणलं न!"

समीक्षा वरून सांगत होती, यंत्र जरा डावीकडं, आता सपाट करा, यंत्रावरच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला पाहिजे. वामनरावांना बुडबुडा दिसेना. तिनं पुन्हा सांगितलं तशी त्यांची कानशिलं तापली. मळ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही सपाट काय ते शिकवते! तिचं समाधान झाल्यावर ती वायर घेऊन गच्चीवर गेली, सौर पाटी बसवायला. गच्चीवर ठोकाठोक सुरू झाली, त्या आवाजात पायांचा आवाज बुडाला. वामनराव वर आले, दोर सोडून फेकला आणि कोणाशी एक शब्द न बोलता मागच्या न्हाणीत हातपाय धुवायला निघून गेले.

जनकाबाई पेवाच्या तोंडाशी तशीच बसून होती.

३

समीक्षा बाजाराच्या दिवशी आली आणि लॅपटॉप उघडून बसली. आधी तिनं अख्खा दिवस पळवून ऐकवला. जमिनीची थरथर फार सावकाश असते, कानाला लागत नाही. म्हणून ती टेप जोरात फिरवावी तशी पळवायची, मग तिचा आवाज होतो. रस्त्यावरचे ट्रक चिलटांसारखे गुणगुणत गेले. पिठाची गिरणी म्हणजे डब्यात कोंडलेली मधमाशी. आणि मध्येच कोणी जड खाट एका पायावर ओढत न्यावी तसा आवाज आला, करकरत, लांबच लांब.

"हा भूकंप आहे," समीक्षा म्हणाली. "समुद्रापलीकडचा."

"माय वं!" जनकाबाईनं पदर तोंडाला लावला. "तिकडं कोणाचं घर पडलं असन, अन् आपण इथं च्या पेत ऐकून राह्यलो."

मग समीक्षानं वेग कमी केला आणि घरातलं ऐकवलं. जनकाबाई एकदम लहान पोरीसारखी झाली. तिला सगळं ओळखू येत होतं. "ही मी, चुलीकडं चालली. ही बकरी. हे दूधवाल्याचं पोट्टं, धावतच येते मेलं. अन् हे तुम्ही, मळ्यात निघाले." धप्प, खर्र. दारातून मोठा असलेला आवाज बारीक होत गल्लीकडं विरला.

वामनरावांना जरा गंमत वाटली होती, पण ती त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिली नाही.

पुढं घर गप्प झालं. जनकाबाई झोपली असावी. आणि त्या गप्प घरात पुन्हा चाल वाजली. धप्प, खर्र. धप्प, खर्र. मोठी, जवळची. आतल्या खोलीकडं जाताजाता ती बारीक झाली आणि थांबली.

"हे कधीचं?" वामनरावांनी विचारलं.

"कालचं. भर दुपारचं."

"दुपारी मी मळ्यात होतो."

"काही विसरलं असेल, घ्यायला आला असाल."

"पोरी, मी काय बुढा झालो म्हणून येडा झालो का? काल मी मळा सोडला नाही."

जनकाबाई खाली मान घालून शेंगा सोलत होती. "आले होते न," ती सहज म्हणाली. "पाणी नाही का देल्लं मी तुमाले?"

समीक्षानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि लॅपटॉप मिटला. नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नाही एवढं तिला कळत होतं.

त्या संध्याकाळी वामनरावांनी आतल्या खोलीतला तांब्या तोंडाला लावला. पाणी बर्फासारखं गार, आणि त्याला कुबट वास. तो वास त्यांना माहीत होता. वर्षभर कोंडलेली ज्वारी पहिल्यांदा उघडली की येतो तसा. त्यांनी पाणी ओट्यावरून फेकून दिलं आणि तांब्या राखेनं घासला.

४

आता वामनरावांचा स्वभाव. त्यांच्या डोक्यात पहिली गोष्ट हीच आली की दुपारी घरात कोणी येतं, आपली चाल करून येतं, आणि म्हातारीला फसवतं. कशासाठी ते सुचेना, पण माणूस कशासाठीही येतो.

शेजारचे नीळकंठ गुरुजी निवृत्त झालेले, दिवसभर रिकामे. वामनरावांनी त्यांना ओट्यावरच गाठलं.

"गुरुजी, दुपारी माह्या घरी येता काय?"

गुरुजींनी चष्मा काढला. "वामनराव, तुम्ही घरी असताना तुमच्या घरी कोणी येत नाही. नसताना येऊन मी काय करू?"

"तिले पेपर वाचून दाखवता तुम्ही."

"दाखवत होतो. तुम्हीच म्हणाले, गुरुजी फुकटच्या बातम्या वाटते अन् च्या दोनदा पेते. तवापासून तुमच्या दारातला च्या मले इखासारखा."

"मंग दुपारी कोणाचे पाय वाजतात?"

"तुमचे!" गुरुजी आता खरंच चिडले. "परवा दुपारी मी वहिनींले वालाच्या शेंगा द्याले आलो. आत तुमचे पाय वाजून राह्यले होते, या भिंतीपासून त्या भिंतीलोक. मी शेंगा ओट्यावर ठेवल्या अन् मुकाट्यानं मागं फिरलो. कोणाले हौस हाये तुमच्या तोंडाले लागाची?"

शेंगा ओट्यावर होत्या हे खरं. वामनरावांनीच त्या रात्री कालवणात खाल्ल्या होत्या.

गुरुजी खोटं बोलणारा माणूस नव्हता. वामनराव त्याला आळशी म्हणत, चिकट म्हणत, पण खोटारडा कधी म्हणाले नव्हते. म्हणून ते जास्तच वाईट झालं.

समीक्षा पुन्हा आली तेव्हा त्यांनी तिला मळ्यातच थांबवलं. निंबाखाली बसून त्यांनी दुपारची चाल पुन्हा पुन्हा ऐकली. रोजची होती. एक दुपार रिकामी नव्हती.

"आजोबा, तुम्हाला एक ऐकवते, मग तुम्हीच सांगा." तिनं संध्याकाळची चाल लावली. "हे तुम्ही संध्याकाळी घरी येता ते. आधी अगदी बारीक, गल्लीत. मग ओटा. मग मोठं, मधल्या खोलीत, कारण यंत्र तिथं खाली आहे. मग आत जाताना पुन्हा बारीक. कोणीही आलं तरी असंच. दूधवाला असो, बकरी असो. बाहेरून येतं ते लहानाचं मोठं होतं."

"हाव."

"आता हे दुपारचं."

धप्प. पहिलाच पाय इतका मोठा वाजला की वामनरावांनी मान मागं घेतली. गल्ली नाही, ओटा नाही. खर्र. धप्प. खर्र. आणि मग आतल्या खोलीकडं बारीक होत गेलं.

"हे मोठंच सुरू होतं," समीक्षा म्हणाली. "रोज. जिथं यंत्र आहे तिथूनच."

निंबाच्या सावलीत वामनरावांना घाम फुटला. तरी ते म्हणाले, "तुह्या मशीनमधी बिघाड असन."

"असेल." ती पटकन म्हणाली, जणू तिलाही तेच हवं होतं. "मी दुसरं यंत्र मागवते. तोवर ते काढूनच टाकते, चालेल?"

"मी काढतो," वामनराव म्हणाले. त्यांना ती पोरगी पेवाजवळ नको होती. पहिल्यांदाच ते काही करत होते ते तिच्यासाठी, स्वतःसाठी नव्हे.

५

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"गोकुळची माय, दुपारी मी येतो तवा काय करतो?"

"काय करता म्हणजे? बसता."

"बोलतो काय?"

"कुठं बोलता!" जनकाबाईच्या चेहऱ्यावर असं काही आलं की त्यांना ते बघवेना. "तोच तं फरक हाये. दुपारी तुम्ही बरे राह्यता. मी बोलू लागली का ऐकत बसता. मायेरचं सांगतलं, गोकुळच्या जल्माचं सांगतलं. एवढ्या वर्सात तुमाले कधी येळ नव्हता. हं म्हणता, बस. पाणी देते तं पेत नाही, पण तांब्या हातात धरून बसता."

वामनरावांनी घास खाली ठेवला. त्यांना भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण तिच्या आधी दुसरंच काही पेटलं. या वयात मत्सर, आणि तोही स्वतःच्याच चालीचा!

"कवापासून?"

"त्या दिवशी पेवात उतरले न, तवापासून."

"काऊन? त्या दिवशी काय झालं?"

"काय होणार? मी हाका मारून मारून थकली. पयले तुम्ही खेकसत होते. मंग बराच येळ गप्पच. मले काळजी वाटली, मी मारतच राह्यली. मंग लय खालून, हळूच, हो म्हणले. मी मनलं चला, डोकं थंड झालं बावाचं. मंग वर आले अन् हातात हात देल्ला. गार होता हात."

त्या वेळी वामनराव मागच्या न्हाणीत पाय धूत होते. समीक्षा गच्चीवर होती. हातात हात त्यांनी दिला नव्हता. वर आलो, असं ते म्हणाले नव्हते. त्यांना राग आला होता, एवढंच.

"तो मी नव्हतो," ते म्हणाले.

जनकाबाई हसत सुटली. "मंग कोण? तुमच्यासारखा वाकडा पाय गावात दुसऱ्या कोणाचा हाये?"

त्यांनी ताट सारलं, ओट्यावर जाऊन गोकुळला फोन लावला आणि म्हणाले, मायला घेऊन येतो, ऑपरेशन करून टाक. गोकुळ इतका चकित झाला की त्यानं विचारलं, "बाबा, बरं हाये न सगळं?"

आत येऊन त्यांनी सांगितलं तर जनकाबाईचा चेहरा पडला. वर्षानुवर्षं जी बाई डोळ्यांसाठी तरसली, ती म्हणाली, "आता इतक्यात कायले?"

"मी संगं येतो न."

"तुम्ही तं येता," ती म्हणाली, "पण दुपारी..." आणि ताट उचलून चुलीकडं गेली.

६

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी मळ्यात मन लागेना म्हणून कुदळ टाकली आणि दुपारीच घर गाठलं. जनकाबाईच्या आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आतून काही हालचाल नव्हती. झोपली असेल. बरंच झालं.

यंत्र काढायला पेवात उतरावं लागलं असतं. ते त्यांच्यानं झालं नाही. वायरीसाठी जरा बाजूला ठेवलेला दगड त्यांनी तोंडावर पुरता सरकवला, माती आणि शेण कालवून कडा लिंपल्या, वायरीपुरती फट होती तीही बुजवली. वर जुन्या जात्याची तळी लोटत आणून ठेवली. हात कोपरापर्यंत भरले, पण छातीवरचं ओझं उतरलं. मग बस स्टँडवर जाऊन नांदुऱ्याला जायला दुसऱ्या दिवशीची जीप ठरवली, संध्याकाळची, ऊन उतरल्यावरची.

त्या रात्री ओट्यावर ते गाढ झोपले. उन्हाळ्यात ते बाहेरच झोपायचे.

सकाळी जनकाबाईनं भाकरी बांधून दिली. पिशवी भरायला घेतली होती. बोलली नाही फारसं. वामनराव मळ्यात गेले, पाणी देणाऱ्या गड्याला चार दिवसांचं काम सांगायला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा खिशात फोन वाजला.

"आजोबा, समीक्षा बोलते. तुम्ही घरी आहात?"

"मळ्यात."

पलीकडून ती घाईघाईनं बोलू लागली.

"यंत्र अजून चालू आहे. माझ्याकडं येतंय सगळं. घरात आजींशिवाय कोण आहे?"

"कोणी नाही. काऊन?"

"काल संध्याकाळपासून ते थांबलेलं नाही. रात्रभर घरात फिरत होतं. मधल्या खोलीत येतं, यंत्राच्या वर उभं राहतं, तिथं जमीन घासतं, बराच वेळ. मग परत आत जातं. आधी ते दुपारपुरतं असायचं. यायचं आणि जिथून आलं तिथं परत जायचं. आता जातच नाहीये. आजोबा, मला माहीत नाही मी काय सांगतेय. आजींना बाहेर काढा."

वामनरावांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. लोटलेली खोली त्यांच्या डोळ्यांपुढं आली. काल दुपारी ते मधल्या खोलीत चिखल कालवत होते तेव्हा त्या दाराआड कोण कोण होतं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी बिळाचं तोंड बुजवलं होतं. जे बुजवायचं ते तेव्हा बाहेर होतं.

७

इतक्या वर्षांत ते असे धावले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या. फुफाटा तळव्यांना भाजत होता. वाकडा पाय हातानं उचलावा तसा उचलून ते टाकत होते, म्हणजे घासणार नाही. त्यांना आवाज करायचा नव्हता. आधी पाहायचं होतं काय आहे ते. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं, आधी पाहायचं, मग धरायचं.

मधल्या खोलीत जात्याची तळी जागेवर होती. लिंपण वाळून पांढरं झालं होतं, कुठं चीर नाही. फक्त त्याच्याभोवती जमीन घासून गुळगुळीत झाली होती, गोल, जनावर बांधलेल्या खुंट्याभोवती होते तशी.

आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं. आतून जनकाबाईचा आवाज येत होता, हलका, न थांबणारा. ती कुठल्याशा लग्नाचं सांगत होती, कोण रुसलं, कोणाची पंगत राहिली. मध्येच थांबायची आणि कोणीतरी म्हणायचं, "हं." मग पुढं.

वामनरावांनी फटीला डोळा लावला. खाटेची कड दिसली. जनकाबाईचा हात दिसला, तिच्या बाजूला भरलेली पिशवी दिसली. आणि खाली, भिंतीला टेकून कोणी बसावं तसा पुढं पसरलेला पाय दिसला. उजवा, घोट्यात वाकडा, जिथं त्यांचा वाकडा होता तिथंच. तळवा त्यांच्याकडं होता. कोरा होता तो. भेग नाही, रेघ नाही, एकदाही जमिनीला न लागलेल्या तान्ह्या पोराच्या तळव्यासारखा. त्याच्यावर ज्वारीचा भुस्सा चिकटलेला.

त्याच्या वर त्यांनी पाहिलं नाही. मानच वळली नाही वर.

त्यांना ओरडायचं होतं. पण धावून घसा कोरडा पडला होता आणि भीतीनं उरलीसुरली ओलही नेली होती. जो आवाज निघाला तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही, चिरका, बारीक, विनवणीचा.

"जनका... मी हाये. बाहेर ये. ये बाई, हळूच ये."

आतलं बोलणं तुटलं.

"कोण हाये?" जनकाबाईनं मान वळवली. पांढरे डोळे दाराच्या उजेडावर येऊन थांबले. तिनं कान दिला. पायांचा आवाज झाला नव्हता. तिला नावानं कोणी हाक मारत नव्हतं, बाई म्हणून तर घरात कधीच कोणी म्हणालं नव्हतं. वामनरावांना ते बोलल्यावर कळलं.

"मी... मी हाये," ते पुन्हा म्हणाले. आणखी बारीक निघालं.

जनकाबाई घाबरली. तिचा हात खाली गेला, त्या वाकड्या पायाच्या बाजूला, कोणाच्या तरी खांद्यावर जावा तसा. "अहो," ती म्हणाली, "पाहा बरं, कोण घुसलं ते."

आणि ते बोललं. एवढ्या दुपारी गप्प बसून ऐकलेलं ते पहिल्यांदाच बोललं.

"काऊन बे? बाईमाणूस एकटं पाहून घरात शिरता? लाज हाये का काही? निघ!"

टपरीवरच्या माणसांनी जन्मभर ऐकलेला तो आवाज. तोच खरखरीतपणा, तीच धार, शब्दाच्या शेवटाला तोच हिसका. वामनरावांच्या अंगावर तो पहिल्यांदा आला, आणि पाय आपसूक एक पाऊल मागं गेले.

धप्प, खर्र. धप्प, खर्र. खाटेपासून दारापर्यंत. फटीतला उजेड झाकला गेला. ज्वारीचा कुबट गारवा त्यांच्या तोंडावर आला. दार लागलं आणि आतून कडी पडली.

वामनरावांनी दोन्ही तळवे दारावर ठेवले. ठोकायला हात उचलला, आणि तो हात तसाच राहिला, कारण आत जनकाबाई बोलत होती, पुन्हा हलक्या आवाजात, भीती गेलेल्या.

"जीपवाला होता काय?"

"नाही."

"मंग कोण होतं?"

आत खाट करकरली. मग वामनरावांच्या आवाजात उत्तर आलं, सावकाश आणि मायेनं.

"कोणी नाही."